सुट्टीतली सहल आणि रविवारची मिस्सा: बारा वर्षांच्या मुलाला काय सांगू?

ओंजळ

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण मनातलं सगळं सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही.

आम्ही कॅथलिक. घरात पाच जण: मी, नवरा, बारा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. घरी असताना रविवारचा प्रश्न कधी येत नाही. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, ठरलेली. मुलगा वेदीसेवक आहे, मिस्सात फादरांना मदत करतो, त्यामुळे तो आमच्या आधी अर्धा तास निघतो. रात्री जेवणाआधी रोजरी, म्हणजे मरियेची जपमाळ, होते. कधी पाचही रहस्यं (येशू-मरियेच्या आयुष्यातला एकेक प्रसंग आठवत म्हणायचे माळेचे भाग) होतात, कधी मुलीला झोप आली की दोनच. अडचण येते ती घराला कुलूप लावल्यावर.

गेल्या सुट्टीत आम्ही समुद्रकाठी उतरलो होतो. रविवारी सकाळी बत्तीस किलोमीटरवरच्या चर्चला निघालो. मिस्साची वेळ मी एका जुन्या पत्रकावरून पाहिली होती, फोन करून खात्री केली नव्हती. पोहोचलो तेव्हा कम्युनियनची, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेण्याची, रांग संपत आली होती. सासूबाई शेवटच्या बाकापाशी गुडघे टेकून बसल्या आणि सगळे निघून गेले तरी उठेनात. नवरा बाहेर झाडाखाली उभा. मुलगा गाडीतून उतरलाच नाही.

परतताना त्याने विचारलं, "आई, सकाळी मी पाण्यात होतो ना, तेव्हा मला इतकं शांत वाटत होतं. मी मनात प्रार्थनापण केली. तिथे देव नव्हता का?"

मी म्हटलं, "उलट बोलू नकोस."

तो उलट बोललाच नव्हता. त्याने मला खरं काहीतरी सांगितलं होतं आणि मी ते झटकून टाकलं. वर्ष होत आलं, मला अजून ते आठवलं की पोटात तुटतं.

यंदा शनिवारी सकाळी निघून पुढच्या रविवारी रात्री परतायचं आहे. नऊ दिवस, त्यात दोन रविवार, पुनरुत्थानकाळाचा, म्हणजे ईस्टरपासूनच्या काळाचा, तिसरा आणि चौथा. पहिला मुक्काम गावात आहे, तिथे चर्च आहे. दुसरा मुक्काम डोंगरात, जवळचं चर्च अडतीस किलोमीटर, रस्ता सगळा वळणांचा. नवरा म्हणतो, एखादा रविवार चुकला तर देव रागावणार नाही. सासूबाई म्हणतात, मिस्सा चुकणार असेल तर मला घरीच ठेवा. दोघंही मनापासून बोलतात, आणि मी मधे.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. प्रवासात असताना चर्चचा नियम नेमका काय सांगतो? आणि मुलाच्या त्या प्रश्नाला मी काय उत्तर द्यायला हवं होतं? तो पुन्हा विचारेल असं वाटत नाही. पण मला त्याला सांगायचं आहे.

पाटी_पेन्सिल

ताई, मी आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चमध्ये, बावीस वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेतो. नियमापासून सुरू करतो. तो नीट कळला की घरातले निम्मे वाद मिटतात असं मी पाहिलं आहे.

चर्चचा सध्याचा कायदा, म्हणजे कॅनन लॉ, १९८३ सालचा. त्यातल्या १२४७ व्या कलमात रविवारच्या मिस्साचं बंधन आहे आणि ती कुठे, केव्हा चालते ते १२४८ मध्ये. रविवारी किंवा आदल्या दिवशी संध्याकाळी, कुठल्याही कॅथलिक विधीनुसार झालेली मिस्सा चालते. स्वतःच्याच पॅरिशमध्ये हवी असं नाही, आपल्याच भाषेत हवी असंही नाही. तुम्ही शनिवारी सकाळी निघून संध्याकाळपर्यंत त्या गावात पोहोचत असाल आणि तिथे रविवारची मिस्सा आदल्या संध्याकाळी होत असेल, तर पहिला रविवार तिथेच पूर्ण झाला. शनिवारी सकाळची मिस्सा मात्र धरली जात नाही.

डोंगरातल्या रविवारबद्दल. धर्मगुरू उपलब्ध नसतील किंवा दुसरं गंभीर कारण असेल आणि मिस्साला जाणं अशक्य झालं, तर १२४८ चंच दुसरं उपकलम सांगतं की वचनाच्या उपासनेला, म्हणजे बायबलवाचनाच्या उपासनेला, जावं, नाहीतर पुरेसा वेळ एकट्याने, कुटुंबात किंवा काही कुटुंबांनी मिळून प्रार्थना करावी. शिवाय कलम १२४५ नुसार योग्य कारण असेल तर तुमच्या पॅरिशचे मुख्य धर्मगुरू त्या वेळेपुरती सूट देऊ शकतात, किंवा त्याऐवजी दुसरं भक्तिकार्य सांगू शकतात. निघण्याआधी फादरांना जाऊन भेटा. बरेच जण हे विचारतच नाहीत आणि मग सहलभर मनात बोचणी घेऊन फिरतात.

धाकटीची काळजी करू नका. चर्चचे असे नियम सात वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतात, ते कलम ११ मध्ये आहे. तिला न्यावं हे चांगलंच, पण ती तापली, रडली, झोपली तर तिने काही मोडलं असं होत नाही.

आता तुमच्या यजमानांच्या वाक्याबद्दल. मी त्यांच्याशी सहमत नाही. कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकाचा, २१८१ वा परिच्छेद स्पष्ट आहे: गंभीर कारण नसताना जाणूनबुजून मिस्सा चुकवणं हे गंभीर पाप आहे. आजारपण, तान्ह्या बाळाची काळजी अशी कारणं त्याच परिच्छेदात दिली आहेत. नुसतं "आम्ही सहलीला होतो" हे कारण त्यात बसत नाही. अडतीस किलोमीटरचा रस्ता तुमच्यासाठी अवघड आहे की अशक्य, हे तुम्हालाच प्रामाणिकपणे ठरवावं लागेल.

पण १२४७ चा उरलेला अर्धा भागही वाचा आणि सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवा. प्रभूच्या दिवसाचा आनंद आणि मनाची, शरीराची योग्य विश्रांती यांच्या आड येणारी कामं त्या दिवशी टाळावीत, असं तिथेच लिहिलं आहे. मुलांबरोबर पाण्यात उतरणं हे रविवारच्या विरोधातलं नाही.

दोन_चाकं

मुलाच्या प्रश्नावर लिहितो, कारण माझ्या मुलीने साधारण हेच विचारलं होतं आणि मलाही उत्तर सापडायला वेळ लागला.

सरळ हो म्हणा. समुद्रावर देव होता. तुमच्या मुलाने तिथे प्रार्थना केली ती खरी होती. हे आधी म्हटल्याशिवाय पुढचं तो ऐकणार नाही.

मग त्याच्याबरोबर योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय वाचा. पुनरुत्थानानंतर शिष्य तिबेरियाच्या समुद्रावर रात्रभर जाळं टाकत होते आणि हाती काही लागलं नव्हतं. पहाटे येशू किनाऱ्यावर उभा होता. मग जाळ्यात एकशे त्रेपन्न मासे आले, हा आकडा मुलांना फार आवडतो. म्हणजे देव समुद्रकाठी भेटतो, हे शुभवर्तमानातच आहे. पण भेटल्यावर त्याने काय केलं? भाकर घेतली आणि त्यांना दिली. मी मुलीला एवढंच म्हटलं की समुद्रावर तू त्याच्याशी बोललीस, आता तो जे देतो ते घ्यायला जाऊ.

तुमचा पहिला रविवार तर यंदा इम्माउसच्या वाटेचा आहे. मिस्साचे पाठ तीन वर्षांच्या चक्राने येतात आणि हे त्यातलं अ वर्ष, त्यामुळे तिसऱ्या रविवारी लूकचा तोच पाठ येतो. दोन शिष्य येरुशलेमहून साठ स्टेडिया, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर चालत निघाले आहेत, येशू त्यांच्यासोबत चालतो, शास्त्र समजावून सांगतो, तरी त्यांना तो ओळखू येत नाही. भाकर मोडताना ओळखू येतो. प्रवासात असलेल्या कुटुंबाला याहून जवळचा पाठ मिळणार नाही. गाडीतच वाचा.

आणखी एक अनुभव. दोन वर्षांपूर्वी आम्ही अशा ठिकाणी होतो जिथल्या मिस्साची भाषा आम्हा कुणालाच येत नव्हती. मुलगी म्हणाली, काही कळणार नाही, मी बसून काय करू. मी फोनवर त्या दिवसाचे पाठ आपल्या भाषेत काढून तिच्या हातात दिले. मिस्सा सुरू झाली तशी तिच्या लक्षात आलं की शुभवर्तमान तेच आहे. "म्हणजे आपल्या चर्चमध्येपण आज हेच वाचतायत?" हो, आणि आजीच्या गावातही. कुठे उठायचं, कुठे गुडघे टेकायचे, हे तिला शेजारच्या बाईंपेक्षा आधी कळत होतं. मिस्सात एकमेकांना शांती देतात त्या वेळी त्या बाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. भाषेवाचून काही अडलं नाही. तिला अजून त्या बाईंची आठवण येते.

मुलाला डोंगर आवडत असतील तर त्याला पिएर जॉर्जियो फ्रासातीबद्दल सांगा. इटलीतल्या तोरिनोचा मुलगा, १९०१ ते १९२५, जेमतेम चोवीस वर्षांचं आयुष्य. गिर्यारोहण हा त्याचा जीव, आणि ख्रिस्तप्रसाद तो रोज घ्यायचा. ७ सप्टेंबर २०२५ ला चर्चने त्याला संत घोषित केलं. दोरखंड खांद्यावर घेतलेला त्याचा फोटो माझ्या मुलीने टेबलावर लावला आहे.

खडक

वरचं सगळं चांगलं आहे, पण मला थोडं परखड बोलायचं आहे. रविवार हा सहलीच्या वेळापत्रकात कुठे बसतो असं आपण विचारतो, तिथेच आपलं चुकतं. इ. स. ३०४ मध्ये, डायोक्लेशन बादशहाच्या छळाच्या काळात, उत्तर आफ्रिकेतल्या अबितीना गावच्या एकोणपन्नास ख्रिस्ती लोकांना एका घरात रविवारची उपासना करताना पकडलं. बादशहाचा हुकूम का मोडला, असं विचारल्यावर त्यांच्यातल्या एमेरितुसने उत्तर दिलं की प्रभूच्या दिवसाच्या या भेटीवाचून आम्हाला राहता येत नाही. त्यांना मरण आलं. आपल्याला अडतीस किलोमीटर गाडीतून जायचं आहे. ओंजळताई, तुमच्या सासूबाई बरोबर आहेत. त्यांना एकटं पाडू नका.

ओंजळ

खडकदादा, अबितीनाची गोष्ट मी रात्री सासूबाईंना वाचून दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्यांना कुणी ओढून नेलं नव्हतं." एवढंच. त्या नेमकं कुणाबद्दल बोलत होत्या ते मी विचारलं नाही.

पाटी_पेन्सिल सर, फादरांना उद्याच भेटते.

जुनी_वही

बाळा, मी सत्तरीची आहे. रोजरीबद्दल थोडं लिहिते, कारण त्यावर कुणी बोललं नाही.

आमच्या घरी कुठेही गेलो तरी पन्नास नमो मरिया व्हायच्याच. दिवसभर मुलं उन्हातान्हात खेळून दमलेली असायची, डोळे मिटत असायचे, आणि मी त्यांना गुडघ्यांवर ठेवायची. थोरला पेंगला की मी तेच रहस्य पहिल्यापासून सुरू करायची. मला वाटायचं मी विश्वास देते आहे. आज तो एक्केचाळीस वर्षांचा आहे. चांगला माणूस आहे, आईची काळजी घेतो, पण चर्चमध्ये येत नाही. माझ्या रोजरीमुळेच तसं झालं असं मी म्हणत नाही, ते मला कळत नाही. पण लहानपणाची आठवण काढताना तो एकदा म्हणाला, "मला फक्त दुखणारे गुडघे आठवतात." त्या रात्री मी माझी माळ हातात धरून नुसती बसून राहिले.

म्हणून तुला सांगते, गाडीत एकच रहस्य म्हणा, पण नीट म्हणा. कुणासाठी म्हणायचं ते मुलांना ठरवू दे. माझी नात मागच्या वेळी टोलनाक्यावर उभ्या असलेल्या बाईसाठी म्हणाली. मला ते सुचलं नसतं.

शनिवारी निघताय म्हणजे आनंदाची रहस्यं. ती एकदा प्रवासी म्हणून बघ. पहिलं, देवदूताचा निरोप, तेवढं नाझरेथमधलं. बाकी चारही घराबाहेरची. मरिया डोंगराळ भागातून घाईने एलिझाबेथकडे निघाली. मग बेथलेहेम, भरल्या दिवसांत. मग बाळाला घेऊन येरुशलेमचं मंदिर. आणि पाचवं तर तुझ्यासाठीच आहे. येशू तेव्हा बारा वर्षांचा होता, तुझ्या लेकाएवढा. सणाहून परतताना तो बरोबरच्या लोकांत असेल असं समजून आईबाप एक दिवसाची वाट चालून गेले. तीन दिवसांनी सापडला. मरियेने विचारलंच की बाळा, असं का केलंस? त्याने उत्तर दिलं आणि ते त्यांना कळलं नाही, असं लूक स्पष्ट लिहितो. तरी तिने ते सगळं अंतःकरणात जपून ठेवलं. तू मुलाचं बोलणं वर्षभर जपून ठेवलंस ना?

आणि हा पुनरुत्थानकाळ आहे. दुपारी बाराला एंजलस या नेहमीच्या प्रार्थनेऐवजी "स्वर्गाच्या राणी, आनंद कर" ही प्रार्थना असते, तीही उभं राहून. बारा वाजले की गाडी सावलीत थांबवा, सगळे खाली उतरा, एक मिनिटाची प्रार्थना म्हणा. पायही मोकळे होतात.

किनारा

मी एकोणीस वर्षांचा आहे, म्हणून मुलाच्या बाजूने लिहितो. मावशी, तो गाडीतून उतरला नाही कारण त्याला लाज वाटली असेल. वेदीसेवकाला मिस्सा संपताना आत जाणं फार जड जातं. मी पण वेदीसेवक होतो. उशीर झाला तर मी बाहेरच थांबायचो.

त्याला काम द्या. चर्चचा नंबर शोधून त्यालाच फोन करू द्या, वेळ त्यालाच विचारू द्या. आमच्या घरी सगळं आधीच ठरलेलं असायचं आणि मला फक्त "चल" म्हणायचे. मला कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं.

आणि त्याची माफी मागा. तुम्ही इथे आम्हाला सांगितलंत, त्याला अजून सांगितलेलं नाही.

ओंजळ

आम्ही काल रात्री परतलो. कपडे अजून धुवायचे पडले आहेत, पण आधी हे लिहिते.

किनारा, तुझं शेवटचं वाक्य वाचून मी त्याच रात्री मुलाच्या खोलीत गेले. गेल्या वर्षीचं सांगितलं, चुकले म्हटलं. तो म्हणाला, "मला आठवतपण नाही." मग दिवा मालवताना म्हणाला, "थोडं आठवतं." आम्ही योहानाचा एकविसावा अध्याय वाचला. एकशे त्रेपन्न कुणी मोजले असतील, हा त्याचा पहिला प्रश्न. भाकरीपर्यंत पोहोचायला आम्हाला तीन रात्री लागल्या, कारण तो मासे, जाळं आणि पेत्राने अंगावर कपडे चढवून पाण्यात उडी का मारली यावरच अडून बसला. मी घाई केली नाही.

दोन्ही चर्चना फोन त्यानेच केले. पहिल्या ठिकाणी शनिवारी संध्याकाळी साडेसहाची मिस्सा होती. आम्ही सहाला पोहोचलो, अंगावर प्रवासाची धूळ तशीच. शुभवर्तमानाला इम्माउसचं नाव आलं आणि मुलाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंना तिथे पहिल्या बाकावर कुणीतरी जागा करून दिली. दुसऱ्या दिवशी रविवार सगळा पाण्यात गेला आणि त्या स्वतः घोट्यापर्यंत लाटेत उभ्या राहिल्या, साडी हातात धरून. पाटी_पेन्सिल सर, कलम १२४७ मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं होतं.

बाराची प्रार्थना नऊ दिवसांत सहा वेळा झाली. एकदा ट्रकवाल्याने थांबून गाडी बंद पडली का विचारलं, तेव्हा नवऱ्यानेच त्याला सांगितलं की प्रार्थना करतोय. नवऱ्याच्या तोंडून ते ऐकून मला फार बरं वाटलं.

दुसरा रविवार आम्ही ठरवलेला तसा झाला नाही. शनिवारी रात्री मुलीला ताप भरला, एकशे दोनच्या वर गेला. फादरांनी निघताना सांगितलं होतं की प्रयत्न करा, आणि कुणी आजारी पडलं तर मन खात बसू नका. रविवारी पहाटे मी तिच्याजवळ थांबले. सासूबाईंचे गुडघे त्या वळणांच्या रस्त्याला तयार नव्हते, त्याही थांबल्या. मला वाटलं नवराही आता थांबतो म्हणेल. पण मुलगा साडेपाचलाच बूट घालून दारात उभा होता आणि त्याचे बाबा किल्ल्या शोधत होते.

ते दोघं गेल्यावर आम्ही तिघींनी खाटेवरच त्या दिवसाचा पाठ वाचला, योहान दहा, मेंढपाळ आणि दाराचा. मुलीने ग्लानीतच विचारलं, मेंढपाळ सगळ्यांना नावाने हाक मारतो म्हणजे माझं नाव पण त्याला माहीत आहे? सासूबाईंनी तिच्या कानाशी तिचं नाव घेतलं, पूर्ण, बाप्तिस्म्याच्या वेळचं. मग एक रहस्य म्हटलं. गुडघे कुणीच टेकले नाहीत.

दोघं साडेदहाला परतले. मुलाने आधी बहिणीच्या कपाळाला हात लावून पाहिला. मी विचारलं, कशी झाली मिस्सा? म्हणाला, चर्च आपल्या हॉलएवढंच होतं, माणसं तीस असतील, फादरांचा आवाज बसला होता म्हणून गाणी लोकांनीच म्हटली. वेदीसेवक एकच होता, लहानसा. मिस्साआधी हा आत जाऊन म्हणाला, मी पण वेदीसेवक आहे. त्यांच्याकडचा झगा त्याला आखूड झाला, पण घंटी त्यानेच वाजवली.

नवरा एवढंच म्हणाला, "रस्ता वाटला तितका वाईट नाही."

जुनी_वही काकू, तुमच्या थोरल्यासाठी आम्ही त्या रात्री एक रहस्य म्हटलं. कुणासाठी म्हणायचं ते मुलाने ठरवलं. मी त्याला तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं होतं.